दगडी बंगला, वकील गल्ली

नाशिक
१६ जानेवारी २०२४

श्री. रामेश्वर व सौ. धनश्री,
दगडी बंगला, वकील गल्ली, परळी वैजनाथ

नमस्कार लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रविवारच्या पुरवणीत, तुमच्या घराचे फोटो आले. 'पडीक घराचं केलं सोनं' असा मथळा. चहा घेता घेता पान उघडलं आणि कप हातातच राहिला. मी विजयमाला, कैलासवासी सुंदररावांची थोरली लेक. त्या घरात मी जन्मले, वाढले, तिथूनच सासरी आले. पाकिटावर पत्ता घालताना मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही आणि मला तो नको.

ते घर पडीक कधीच नव्हतं. आमच्या आजोबांनी निजामाच्या अमलात, वकिली जोरात असताना, काळ्या दगडात बांधून घेतलं. सागवानी खांब, दारांवर निळ्या काचा, पुढे जाळीची ओसरी. पुढे थर्मलचं वीज केंद्र आलं, गावभर राख उडायला लागली, तरी वकील गल्लीत वाळत घातलेलं धोतर पांढरंच राहायचं. वाराच तसा होता. अख्ख्या परळीला त्या गल्लीत जागा हवी असायची, ती काय उगाच?

तुम्ही ते कसं मिळवलंत, मला ठाऊक आहे. माझ्या धाकट्या भावाने, रविराजने, सगळं सांगितलंय. आप्पा शेवटच्या आजारात पोटच्या पोरांना ओळखत नव्हते. अशा माणसाचा तुम्ही अंगठा घेतलात. मी इतक्या लांब, आणि तो बिचारा एकटा काय करणार? त्याने ते दुःख गिळलं. मी गिळणार नाही.

आणि ते टेबल. फोटोत मी नीट पाहिलं. देवघराचं दार आडवं घालून, वर काच ठेवून तुम्ही त्याचं जेवणाचं टेबल केलंय. माझी आई रोज सकाळी ज्या दाराला हळदकुंकू लावायची, त्यावर तुमच्या आमटीच्या वाट्या. ओसरीवर पाटी कसली, तर 'भामाई'. ही भामाई कोण?

दार परत करा. पाटी उतरवा. ही विनंती नव्हे.

विजयमाला


परळी वैजनाथ
२७ जानेवारी

विजयमालाबाई,

नमस्काराचं तुम्ही ठरवलंच आहे, तेव्हा मीही त्यात वेळ घालवत नाही. पत्र आमच्या दोघांच्या नावाने होतं. माझे यजमान भिडस्त आहेत, ते म्हणाले, सोडून दे. मी सोडत नाही.

आम्ही कुणाचाही अंगठा घेतलेला नाही. तुमच्या वडिलांना मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. ते वारल्यावर दुसऱ्या वर्षी तुमच्या भावाने आम्हाला घर विकलं. कचेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून सह्या केल्या. सगळ्यांना चहा सांगितला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "वारस कोण कोण?" तुमचा भाऊ म्हणाला, "मी एकटा." माझ्याच मनात आलं म्हणून मी विचारलं, "बहीण वगैरे?" ते म्हणाले, "एक होती."

एक होती. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत. मला वाटलं, बिचारी वारली असेल, आपण उगाच विषय काढला. तुम्ही हयात आहात हे मला तुमच्या पत्रानेच कळलं. गल्लीत कुणाला विचारावं, तर गल्ली आमच्याशी बोलत नव्हती.

आता पडीक म्हणजे काय ते ऐका. आम्ही कुलूप उघडलं तेव्हा माळवदाचं छत दोन ठिकाणी खाली आलं होतं. माजघरात तुमच्या भावाच्या प्रचाराचे बोर्ड रचलेले, कोपऱ्यात बाटल्यांचा ढीग. निळ्या काचा बाहेरच्या पोरांनी दगड मारून फोडलेल्या. आणि तुमच्या आईच्या हळदकुंकवाचं ते दार पायरीवर तिरकं टाकलेलं होतं, मोटारसायकल आत घ्यायला. खालचा भाग वाळवीने खाल्लेला. चौकटीत परत बसेल असं ते राहिलंच नव्हतं. सुताराने सांगितलं, जाळून टाका. मी म्हटलं, नाही, जेवढं धड आहे तेवढं वाचवा. वाचलं ते टेबलापुरतं. आम्ही त्यावर जेवतो आणि रोज पुसतो.

भामाई म्हणजे भामाबाई, माझ्या सासूबाई. दिंद्रुडच्या. उभी हयात मेंढरांमागे रानोमाळ गेली त्यांची. पाऊस आला की अंगावर घोंगडं, एवढंच घर. त्यांचा मुलगा शिकला, थर्मलला इंजिनियर झाला, त्याने घेतलेल्या घराला आईचं नाव दिलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी समोरच्या केशरबाईंनी विचारलं, "भाड्यानं आलात का?" मी म्हटलं, विकत. त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

पाटी उतरणार नाही.

धनश्री


नाशिक
८ फेब्रुवारी

धनश्रीबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खोटं वाटलं.

रविराजला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. दर भाऊबीजेला तो नाशिकला येतो, ओवाळून घेतो, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन जातो. असा भाऊ जिवंत बहिणीला 'एक होती' म्हणेल? तुमच्या पत्रातला मजकूर मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो हसला. म्हणाला, "अक्का, ती बाई कॉलेजात शिकवती, तिला बोलता लई येतं. तू मनावर घेऊ नको. पण तू लिहायलीस ते बेस केलंस. वकिलाशी बोललोय मी. लेकीचा हक्क कुणी डावलू शकत न्हाई. तू फक्त सही दे, घर आपल्याला परत मिळतंय."

म्हणजे कुणाचं खरं ते कोर्टात कळेल.

आमच्या घरातल्या बाटल्यांच्या आणि वाळवीच्या गोष्टी तुम्ही रंगवून सांगितल्यात. घोंगड्याखाली आयुष्य काढलेल्यांना दगडी घराची किंमत काय कळणार? जिथे आमच्या आजोबांपुढे मोठमोठे अंमलदार जोडे काढून बसायचे, तिथे आता कोण बसतं हे कळलं, तेवढं पुरे.

विजयमाला


परळी वैजनाथ
२ मार्च

विजयमालाबाई,

या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. घोंगड्याची ओळ वाचून उत्तराला घेतलेला कागद फाडला होता. पण काल तुमच्या नावाने वकिलाची नोटीस आली. घराचा व्यवहार बेकायदा, घर मोकळं करून द्या, नाहीतर दावा लावू. आता गप्प बसता येत नाही.

आमचं जे काही होतं ते या घरात गेलंय. मी पैशाबद्दल बोलत नाही. दोन उन्हाळे आम्ही गवंड्याच्या मागे उभे होतो. चुन्याचा गिलावा करणारा माणूस इथे मिळेना, तो शोधून आणला. खांबांवरचा ऑईलपेंट मी स्वतः खरवडला, सुट्टीच्या दिवशी, हातांना फोड येईपर्यंत. सिमेंट थापून मोकळं होता आलं असतं. केलं नाही. 'कळणार काय' म्हणता, तर हे कळलं.

तुमचं पत्र मी सासूबाईंपासून लपवलं होतं. पण नोटिशीवरून घरात आवाज चढले आणि त्यांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी मी सगळं वाचून दाखवलं, घोंगड्यासकट. त्या ज्वारी निवडत होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "सुंदररावाच्या रानात आमच्या मेंढ्या बसायच्या. खत आमचं, पीक त्येंचं. ह्या लेकीला तवा बघितलंय मी, दोन येण्या घातलेली." मग म्हणाल्या, "तिला म्हणावं ये. कागदावर कावून भांडायली? माहेर गेल्याल्या बाईचा राग हाय ह्यो, पोस्टानं थंड व्हायचा न्हाई."

हे त्यांचं बोलणं आहे, माझं नाही. मी तुम्हाला बोलावत नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय, त्या नोटिशीवर तुम्ही खरंच सही केलीत का?

धनश्री


नाशिक
१९ मार्च

धनश्रीबाई,

सही मी केलेली नाही. नोटीस माझ्या नावाने गेली हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. कुणाला न कळवता मी गाडीत बसले आणि परळीला उतरले.

आधी वकील गल्लीत आले. फाटकाशी उभी राहिले. ओसरीवर एक म्हातारी बाई सुपात काहीतरी पाखडत होती. तिने मान वर केली. मला आत येता आलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. रिक्षात बसले आणि अंबाजोगाई रस्त्यावर रविराजच्या बंगल्यावर गेले.

तो सोफ्यावर होता, दोन-चार कार्यकर्ते समोर. मला पाहून उठला, "अक्का, फोन करायचा ना, गाडी धाडली असती." मी म्हटलं, ह्या लोकांना बाहेर पाठव. ते गेल्यावर मी विचारलं, "घर कुणी विकलं?"

त्याला खोटं बोलायचीसुद्धा गरज वाटली नाही. म्हणाला, "मीच इकलं. निवडणूक होती, अडचण होती. पडायला आलतं ते. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस."

"आणि अंगठ्याचं?"

"ते असंच बोललो. तुला बरं वाटावं म्हणून."

"कचेरीत काय म्हणालास? एक होती?"

"बोलण्यात येतंय गं असं. धरून कावून बसलीस? आता ऐक. त्यांनी एवढं नटवलंय, आयतं आपल्या पदरात पडायलंय. मोठे लोक येतात मला भेटायला, इथं ह्या रस्त्यावर कुणी ओळखत न्हाई. वकील गल्लीत बसलो की गावाला कळतं कोण बसलंय ते. तुझी सही न्हवती, म्हणून यवहार कच्चा. तूच आता आपला हुकमाचा पत्ता."

माझ्यासमोर कागद सरकवला. त्याच्या बायकोने, स्वप्नालीने, सरबत आणून ठेवलं आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं. मी सरबत घेतलं नाही आणि सहीही केली नाही. रात्रीच्या गाडीने परत आले.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. घोंगड्याबद्दल मी लिहिलं ते तुमच्या सासूबाईंपर्यंत जायला नको होतं. ते लिहायलाच नको होतं.

पण म्हणून तुम्ही असं समजू नका की विषय संपला. नाशिकमध्ये दुसऱ्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा हक्क खराच आहे, दावा लावलात तर जिंकाल. तुम्ही फसलात, मान्य. मीही फसले. पण घर एकच आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही.

विजयमाला


परळी वैजनाथ
१० एप्रिल

विजयमालाबाई,

काल पाडवा होता. आमच्याकडे गुढी दारात उभी राहिली नाही, गच्चीवर उभी केली. कारण सांगते.

आदल्या दिवशी दुपारी, यजमान ड्यूटीवर, मी कॉलेजात, घरी एकट्या सासूबाई. थर्मलच्या राखेने भरलेला एक टिप्पर गल्लीत शिरला. फाटकाला पाठ लावली आणि सगळा माल पायऱ्यांवर ओतला. ओली राख नव्हे, कोरडी. ओसरीची जाळी भरली, खांब दिसेनासे झाले, दाराच्या फटींतून आत स्वयंपाकघरापर्यंत गेली. सासूबाई आत कोंडल्या. नाकाला पदर लावून त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "कुणी सांगितलं रे तुला हितं टाकायला?" टिप्परवाला म्हणाला, "विजयमालाताईची जागा हाय म्हणं. भर टाकायची हाय."

तुमच्या नावाने आली ती राख. मी घरी आले तेव्हा त्या मागच्या न्हाणीत खोकत बसल्या होत्या, भुवयांपर्यंत करड्या झालेल्या. दवाखान्यात दोन रात्री ठेवावं लागलं. रानात वादळवारं सोसलेली बाई, पण असं छाती भरून येणं त्यांना माहीत नव्हतं. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, तर सल्ला मिळाला की घरातलं भांडण आहे, आपसात मिटवा. कुणाच्या घरातलं? आमचं आणि त्यांचं घर कधी एक झालं?

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या पटापट बंद झाल्या. राखेमुळे असेल. राखेमुळेच असेल, असं मी मानते.

मागच्या महिन्यात फाटकाशी येऊन गेलात ती तुम्हीच, हे सासूबाईंनी तेव्हाच ओळखलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "दोन पावलं आत आली असती तर पाणी दिलं असतं." मी म्हटलं होतं, आत्याबाई, ती घर घ्यायला आली होती, पाणी प्यायला नाही. आज मला वाटतं माझंच बरोबर होतं.

तुम्ही अजून काही ठरवलेलं नाही, असं लिहिता. तुम्ही ठरवत बसलात, तोवर तुमच्या भावाने तुमच्या नावाने ठरवून टाकलं. तुम्ही सही केली नाही म्हणून हात झटकू शकत नाही. तुमचं गप्प बसणं हीच त्यांना तुमची सही आहे.

राख अजून दारात आहे. पंचनामा होईपर्यंत हलवू नका म्हणालेत.

धनश्री


नाशिक
१५ एप्रिल

धनश्री,

येत्या रविवारी येते. आत येते. रविराजला मी कळवलंय की सही करायला येणार आहे, वकील घेऊन दगडी बंगल्यावर ये. तुम्ही त्याला काही बोलू नका. राख हलवू नका.

भामाबाईंना सांगा, पाणी घेईन.

विजयमाला


परळी वैजनाथ
९ मे

विजयमालाताई,

तुम्ही गेलात त्याला पंधरवडा होऊन गेला. तुम्ही न जेवता गेलात, हे सासूबाई रोज मला ऐकवतात, म्हणून आधी तेच लिहिते.

तुम्ही आत आलात, माजघरातून पुढे गेलात आणि थबकलात. "भिंत कुठंय?" मी म्हटलं, पाडली. स्वयंपाकघर मोकळं केलं. तुम्ही म्हणालात, "कुणाला विचारून? माझी आई त्या भिंतीला टेकून बसायची." तुमचा आवाज चढला. माझा आधीच चढलेला होता. मी जे बोलले ते असं: "त्या खोलीला खिडकी नव्हती. ओसरीला जाळी, बैठकीला निळ्या काचा, आणि बायका जिथं दिवस काढायच्या तिथं हात घालायला झरोका नाही. भिंत खरवडली तर काजळीचे पापुद्रे निघाले. ती काजळी भिंतीवर एवढी, तर छातीत किती गेली असेल? तुमची आई कशाने गेली?" तुम्ही ओसरीवर जाऊन बसलात.

विचारायची ती वेळ नव्हती. पण प्रश्न मी मागे घेत नाही.

बाकी त्या दिवसाचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच केलंत ते. मी आत दाराआड होते, मला तुमची पाठ दिसत होती. पण गल्लीत ते आता कसं सांगतात, हे तुम्हाला माहीत असायला हवं. केशरबाईंच्या तोंडून ऐकलं तसं लिहिते.

"रविराज जीपमधून उतरला, वकील घेऊन, पाच-सहा पोरं घेऊन. राखेतून वाट काढीत आला, पांढरे बूट पार करडे झाले. म्हणला, अक्का, आत चल, आत बसून सही कर. ती म्हणली, आत न्हाई, हितंच, माणसात. आधी सांग, ही राख माझ्या नावानं कुणी टाकली? तो म्हणला, तमाशा कावून करायलीस? ती उभी राहिली. समद्या गल्लीला आइकू जाईल असं म्हणली, मी सुंदररावांची थोरली. ह्यानं कचेरीत सांगितलं, बहीण होती म्हणून. बघून घ्या, मी मेलेली न्हाई."

मग केशरबाई थांबतात आणि पुढचं हळू आवाजात सांगतात. तेव्हा तुम्हीही आवाज खाली आणला होता. "घर मी मागत नाही. ज्यांनी घेतलं आणि उभं केलं त्यांचं ते. मी तसं लिहून देणार आहे. पण आप्पांची चौसाळ्याची हायवेलगतची जमीन, तिथंही तू एकटाच वारस लागलायस ना? ती मी मागते. निम्मी."

तुमच्या भावाचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला, ताई. राख अंगावर पडलेल्या माणसाचा असतो तसा. वकील त्याच्या कानाला लागला, तो म्हणाला, "अक्का, माहेर तुटलं बघ तुझं." तुम्ही नुसत्या बघत राहिलात, तो जीपमध्ये बसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीत जाऊन संमतीचा कागद करून दिलात आणि तिथूनच स्टेशनवर गेलात. यजमान तुम्हाला सोडायला येत होते, तर म्हणालात, रस्ता मला माहीत आहे. कागद आम्ही जपून ठेवलाय. आभार मानले तर तुम्हाला राग येईल, म्हणून मानत नाही.

राख त्यांनी उचलली नाही, आम्हीच माणसं लावून उचलली. केशरबाई त्यांच्या पायरीवर उभ्या राहून म्हणत होत्या, "मला ठावं होतं, बहीण हाय म्हणून. कुणी इचारलंच न्हाई." मी म्हटलं, तुम्ही दार लावून घेतलंत, विचारायचं कुणाला? त्यावर त्या आत गेल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

चौसाळ्याच्या दाव्याचं काय झालं ते कळवा. तारखांना यावं लागेल. उतरायला घर आहे. भांडायचं असेल तर तेही घरातच भांडू.

धनश्री


नाशिक
२१ जुलै

धनश्री,

उत्तराला उशीर झाला. दावा लावला, त्याची धावपळ होती, आणि तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं की नाही ते ठरत नव्हतं. वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून आता 'तू' लिहिते. आवडलं नाही तर तसं कळव.

आई छातीनेच गेली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, चूल बंद करा. आप्पा म्हणाले, गॅसवरच्या भाकरीला चव नसते. ती त्या अंधारात खोकत भाकरी थापायची आणि आम्ही भावंडं बैठकीत निळ्या काचांचा उजेड अंगावर घेऊन खेळायचो. मी त्या घराचं इतकं कौतुक करत आले, आणि ती खोली माझ्या कौतुकात कधी आलीच नाही. तू भिंत पाडलीस याचा राग अजून आहे. पण तो तुझ्यावर नाही, हे मला परतीच्या गाडीत कळलं. आप्पांवर आहे. त्यांच्याशी आता भांडता येत नाही, म्हणून तो तसाच राहणार.

दाव्याची पहिली तारीख गेल्या आठवड्यात अंबाजोगाईला होती. तुला कळवलं नाही. तुमच्याकडे उतरले असते तर गावभर म्हणाले असते की बाईला त्या लोकांनी भरीला घातलं. म्हणून पहाटे बसने थेट उतरले आणि संध्याकाळी परतले. पुढच्या तारखेला येईन, तेव्हा उतरेन.

मधल्या काळात काय काय झालं ते थोडक्यात. स्वप्नाली येऊन गेली, साडी घेऊन. साडी मी घेतली नाही. मामांचा फोन आला, म्हणाले, बहिणीने भावाला कोर्टात खेचलं असं आपल्या घराण्यात कधी झालं नाही. मी म्हटलं, भावाने बहिणीला जिवंतपणी मारलं, असं तरी झालं होतं का? त्यांनी फोन ठेवला. माझे यजमानसुद्धा एकदा म्हणाले, जाऊ दे ना, आपल्याला काय कमी आहे. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. कमी काही नाही. कमी आहे म्हणून मी मागत नाही, हे पुरुषांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

आता कोर्टातलं. आवारात लिंबाच्या झाडाखाली मी वकिलांची वाट पाहत उभी होते. रविराजच्या दोन गाड्या आल्या. बरोबर वीसेक माणसं, त्यात मोबाईल वर धरून शूटिंग करणारी पोरं. मला वाटलं, शिव्या देईल. तो सरळ माझ्याकडे चालत आला, चेहरा अगदी भाऊबीजेचा करून. मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कोर्ट कोर्टाच्या जागी, अक्का माझ्या आईच्या जागी." आणि पाया पडायला वाकला.

लहानपणापासून तो वाकला की माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. तसाच उचलला गेला. मोबाईलवाली पोरं पुढे सरकली. हात अर्ध्यावर होता तेव्हा मला कळलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्यात फिरेल. त्यात मी आशीर्वाद देताना दिसेन, आणि मग दाव्यात मी काहीही म्हटलं तरी लोक म्हणतील, बहिणीचं मन भावाकडेच आहे.

मी पाय मागे घेतले.

त्याचे दोन्ही हात मातीला लागले. तो क्षणभर तसाच वाकलेला राहिला, बहुतेक पाय परत येतील असं त्याला वाटलं. आले नाहीत. पोरांनी मोबाईल खाली केले. तेवढ्यात पुकारा झाला, वकील म्हणाले, चला, आणि मी त्याला तिथेच सोडून आत गेले.

विजयमाला